सेकंड हँड लक्झरी एसयूव्हीला इंजिन ऑइल कुठलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी असताना साठ-सत्तर लाखांना मिळणारी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा लँड रोव्हर सहा-सात वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत दारात उभी राहते. गाडीची किंमत उतरते, पण टर्बो, इंजेक्टर आणि डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांच्या किमती उतरत नाहीत. या तिन्हींचं आयुष्य बरंचसं ऑइलवर ठरतं. मी स्वतः अशी एक जर्मन डिझेल एसयूव्ही सेकंड हँड घेतली. त्यानंतर मित्रमंडळींनी आणि नात्यातल्यांनी मला जे जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरं डिझेल गाड्यांची आहेत, कारण सेकंड हँड बाजारात या वर्गात डिझेलच जास्त दिसतात.

गाडी कालच घेतली. विकणारा म्हणतो, ऑइल गेल्याच महिन्यात बदललंय. तरी परत बदलायचं का?

बिल दाखवलं तर नाही. नुसतं तोंडी सांगितलं असेल तर हो, आणि पहिल्या आठवड्यातच.

बिलावर तीन गोष्टी बघा: किलोमीटरचं रीडिंग, ऑइलचं पूर्ण नाव आणि फिल्टरचा पार्ट नंबर. "इंजिन ऑइल, ६ लिटर" एवढंच लिहिलेलं बिल काही कामाचं नाही. डॅशबोर्डवर "पुढची सर्व्हिस १४,००० किमीनंतर" असं दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. तो आकडा ऑइल न बदलताही दोन मिनिटांत रीसेट करता येतो, आणि विक्रीआधी तो अनेकदा नुसताच रीसेट केलेला असतो.

आरसी तुमच्या नावावर झाली की कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन जुनी हिस्ट्री मागा. तिथली शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची असेल, तर मधल्या काळात गाडी कुणाच्या हातात होती हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी इंजिनात काय आहे ते माहीत नाही असंच धरून चाला आणि ऑइल-फिल्टर दोन्ही बदला.

५डब्ल्यू-३० घालू की ५डब्ल्यू-४०?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. खरं तर तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे, पण आकड्यांचा अर्थ आधी सांगतो.

डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० ते उणे ३५ अंश सेल्सिअसला होते. एवढी थंडी आपल्याकडे कधीच पडत नाही. तरीही सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत लवकर पोचतं, हा फायदा पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यातही मिळतो. दुसरा आकडा गरम ऑइलच्या घट्टपणाचा. १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या मध्ये बसलं तर ते ३०, आणि १२.५ ते १६.३ च्या मध्ये बसलं तर ४०.

आता मुख्य मुद्दा. बेअरिंगमध्ये ऑइल १५० अंशाला जोरात घासलं जात असताना किती घट्ट राहतं, याचं वेगळं माप आहे. त्याला एचटीएचएस म्हणतात. मर्सिडीज २२९.५१ आणि २२९.५२, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन ५०७ ०० आणि एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेचं सी३ या सगळ्या मानकांत (त्यांच्याबद्दल पुढे) हे माप किमान ३.५ लागतं. ५डब्ल्यू-४० साठीही किमान ३.५ च लागतं. म्हणजे योग्य मान्यता असलेलं ५डब्ल्यू-३० डब्यावर "तीस" दिसलं तरी संरक्षणाच्या बाबतीत कच्चं नाही. "तीस म्हणजे पाणी, चाळीस टाका साहेब" हा गॅरेजमधला सल्ला साध्या, कमी एचटीएचएसच्या तीस ग्रेड ऑइलच्या अनुभवातून येतो. तो या ऑइलला लागू पडत नाही.

मग डब्यावर नेमकं काय बघायचं?

डब्याची मागची बाजू. तिथे बारीक अक्षरात गाडीच्या कंपनीचा मान्यता क्रमांक असतो. गाडीसोबतच्या पुस्तकात जो क्रमांक आहे, तोच तिथे हवा. ढोबळ मानाने असं:

मर्सिडीज डिझेल, डीपीएफ असलेली: एमबी २२९.५१ किंवा २२९.५२. २२९.५२ हे नंतरचं आहे आणि २२९.५१ च्या जागी चालतं. अगदी नव्या इंजिनांपैकी काहींना २२९.७१, म्हणजे ०डब्ल्यू-२० लागतं.

बीएमडब्ल्यू डिझेल: लाँगलाइफ-०४. नव्या मॉडेलांच्या पुस्तकात सोबत आणखी पातळ पर्यायही दिलेले असतात.

ऑडी आणि फोक्सवॅगन गटाच्या डिझेल: ५०७ ००. डब्यावर बहुधा ५०४ ००/५०७ ०० असं जोडीनं लिहिलेलं असतं. पोर्शे केयेन डिझेलला सी३० म्हणतात, तेही याच जातीचं. याच गटाचं ५०८ ००/५०९ ०० हे ०डब्ल्यू-२० वेगळं. ते ओळखू यावं म्हणून त्याचा रंगच हिरवट ठेवलेला आहे. "नवं आहे म्हणजे चांगलं असेल" म्हणून ते जुन्या ५०७ ०० च्या इंजिनात घालू नका, ते त्यासाठी बनलेलं नाही.

लँड रोव्हरमध्ये एसटीजेएलआरने सुरू होणारे क्रमांक असतात. जुन्या ३ लिटर व्ही६ डिझेलला ०३.५००५ आणि २ लिटर इंजेनियम डिझेलला ०३.५००७. इथे इंजिनागणिक फरक आहे, त्यामुळे अंदाजाने जाऊ नका. व्होल्वोच्या २ लिटर ड्राइव्ह-ई इंजिनांना कंपनी स्वतःच्या स्पेसिफिकेशनचं ०डब्ल्यू-२० सांगते.

पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून मिळतं. मर्सिडीजने तर मान्य केलेल्या ऑइलची ब्रँडनिहाय यादीच सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे.

डब्यावर "एमबी २२९.५१ साठी योग्य" लिहिलंय. एवढं पुरे आहे ना?

नाही. "अप्रूव्हल" किंवा "अप्रूव्ह्ड" म्हणजे गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून परवानगी दिली आहे. "मीट्स", "सूटेबल फॉर", "रेकमेंडेड फॉर" म्हणजे ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं. ते ऑइल चांगलं असेलही. पण गाडीवर एक्स्टेंडेड वॉरंटी असेल आणि उद्या टर्बो गेला, तर हे शब्द तुमच्या उपयोगी पडणार नाहीत.

डीपीएफ आणि ऑइलचा काय संबंध? डीपीएफ तर सायलेन्सरकडे असतो.

इंजिनात थोडं ऑइल जळतंच. ऑइलमध्ये कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस यांचे घटक असतात, ते जळल्यावर राख उरते आणि ती थेट डीपीएफमध्ये जाऊन बसते. डीपीएफमधली काजळी रीजनरेशनच्या, म्हणजे फिल्टर स्वतःला साफ करतो त्या, वेळी सुमारे ६०० अंशाला जळून जाते. राख मात्र जळत नाही. ती कायमची आत राहते, साठत जाते आणि फिल्टरची जागा खात जाते.

म्हणून डीपीएफच्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए सी३ मध्ये सल्फेटेड राख जास्तीत जास्त ०.८ टक्के चालते. त्याच संघटनेच्या ए३/बी४ वर्गात १ ते १.६ टक्के. दोन्ही डबे ५डब्ल्यू-४०, दोन्ही फुल सिंथेटिक, किमतीतही फारसा फरक नाही, पण राख दुपटीपर्यंत. एकदा चुकून घातलं तर लगेच काही होत नाही. तीन-चार वेळा तेच घातलं तर डीपीएफचा खर्च लवकर समोर येतो.

आपल्याकडच्या डिझेलला कमी राखेचं ऑइल चालत नाही असं एक जुने मेकॅनिक म्हणाले. खरं आहे का?

एके काळी त्यात तथ्य होतं. डिझेलमध्ये गंधक जास्त असलं की जळताना आम्ल तयार होतं, आणि ते मारायला ऑइलमध्ये अल्कधर्मी साठा लागतो, ज्याला टीबीएन म्हणतात. कमी राखेच्या ऑइलमध्ये तो साठा कमी असतो. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत असायचं, तेव्हा जुन्या फोरमन मंडळींचं म्हणणं बरोबर होतं. बीएस-४ मध्ये ते ५० वर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं डिझेल मिळतं. त्या मेकॅनिकचा अनुभव खोटा नाही, फक्त पंपावरचं डिझेल बदललंय.

माझी गाडी बीएस-४ ची आहे, मूळची दिल्लीची. तिला काय घालू?

दिल्ली आणि एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. त्यामुळे तिथल्या मोठ्या डिझेल एसयूव्ही एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत येत राहिल्या (बीएस-४ गाड्यांवरची ही कारवाई न्यायालयाने २०२५ मध्ये थांबवली). त्यात चांगल्या गाड्याही असतात. पण ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास एसी लावून उभं राहिलेलं इंजिन मीटरवर दिसतं त्यापेक्षा जास्त चाललेलं असतं, आणि मीटर मागे फिरवलेलं असेल तर बोलायलाच नको.

बीएस-४ च्या काळात काही गाड्यांत डीपीएफ होता, काहींत नव्हता, आणि काहींतला कुणीतरी कापून काढलेला असतो. आधी गाडी लिफ्टवर घेऊन ते बघून घ्या. डीपीएफ असेल तर वरचे कमी राखेचे क्रमांक. मुळात नसेल तर पुस्तकात जुने क्रमांकही दिलेले असतात, पण २२९.५१ किंवा लाँगलाइफ-०४ घातलं तरी आजच्या डिझेलवर नुकसान नाही. शंका असेल तर कमी राखेचंच घ्या.

विदर्भात ४५ अंश ऊन असतं. जास्त घट्ट ऑइल नको का?

नको. बाहेर १५ अंश असो की ४५, इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर मिळून ऑइलचं तापमान साधारण शंभरच्या आसपास सांभाळतात. नागपूरच्या मे महिन्यात किंवा खंबाटकीच्या चढाला ते थोडं वर जाईल, पण ३.५ एचटीएचएसचं ऑइल त्यासाठीच बनलेलं आहे. गाडी उन्हात गरम होत असेल तर ऑइल घट्ट करू नका, रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मध्ये अडकलेला कचरा काढा. आधीच्या मालकाने तो कधी काढलेला नसतो.

ऑइलची लेव्हल कमी होण्याऐवजी वाढतेय. असं कसं?

हे माझ्याच गाडीत झालं. गाडी घेऊन पाचवा आठवडा होता. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि स्क्रीनवर संदेश आला: ऑइल लेव्हल कमालपेक्षा जास्त. गाडीला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नाही, स्क्रीनवरचा उभा पट्टाच काय तो बघायचा, आणि तो वरच्या रेघेच्या पुढे गेलेला. मला वाटलं सेन्सर गेला.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने खालचं कव्हर उतरवलं, ऑइलच्या चेंबरचा बोल्ट सैल केला आणि ऑइल पातेल्यात न घेता मापाच्या कॅनमध्ये घेतलं. पुस्तकातल्या मापापेक्षा जवळजवळ पाऊण लिटर जास्त निघालं. धारही नेहमीसारखी जाड, लोंबती नव्हती, चहासारखी पडत होती. त्याने दोन बोटांत थेंब चोळून माझ्या नाकापाशी धरला. डिझेलचा वास स्पष्ट येत होता.

झालं असं होतं की आधीचे मालक रोज घर ते ऑफिस, चार-पाच किलोमीटर जायचे. डीपीएफ साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतं, आणि त्यासाठी सलग पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने पळणं लागतं. प्रत्येक वेळी अर्ध्यातच गाडी बंद झाली, ते डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत राहिलं. त्यात विकण्याआधी कुणीतरी "थोडं ऑइल टाकून ठेवू" म्हणून वरून भर घातली असावी. डिझेल मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. लेव्हल वाढलेली दिसली तर गाडी लांब पळवू नका, ऑइल काढा.

आता शहरातच गाडी वापरायची असेल, तर दहा-बारा दिवसांनी एकदा एक्सप्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत जाऊन येतो. तेवढ्यात रीजनरेशन पूर्ण होतं, आणि तेव्हापासून लेव्हल जागेवर आहे.

नवं ऑइल हजार किलोमीटरमध्येच काळं झालं. खराब आहे का?

डिझेलमध्ये हे नॉर्मल आहे. ऑइलचं एक काम काजळी स्वतःत धरून ठेवणं हेही आहे. काळजी करायची ती दुधट, कॉफीसारख्या रंगाची, कारण मग कूलंट मिसळतंय. आणि जुन्या मर्सिडीज ३ लिटर व्ही६ डिझेलमध्ये ऑइल कूलरचे सील गळणं सर्वश्रुत आहे. त्या गाड्या घेताना इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या जोडाशी ऑइल दिसतंय का ते बघा.

इंजिन फ्लश करून घेऊ? वरून एखादं अॅडिटिव्ह?

ज्या इंजिनाचा इतिहास माहीत नाही त्यात कडक फ्लश मी घालणार नाही. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, आणि तिथून प्रेशर गेलं की इंजिनच जातं. त्यापेक्षा पहिलं ऑइल चांगलं घालून ते अडीच-तीन हजार किलोमीटरलाच काढा, फिल्टरसकट. चांगल्या ऑइलमधले डिटर्जंट गाळ हळूहळू सोडवतात. पैसे तेवढेच जातात, धोका मात्र टळतो.

अॅडिटिव्ह नको. मान्यता त्या डब्यातल्या मिश्रणाला मिळालेली आहे, तुम्ही वरून काय ओतता त्याला नाही.

त्यानंतर किती किलोमीटरला बदलायचं?

कंपन्या १५,००० किमी किंवा एक वर्ष असं सांगतात, काही त्याहून जास्त. वॉरंटीबाहेरच्या सेकंड हँड डिझेलला मी ८ ते १० हजार किंवा एक वर्ष धरतो, जे आधी होईल ते. बरीचशी धाव हायवेवर असेल तर दहा. शहरातच असेल तर आठ, आणि गाडी वर्षात चारच हजार चालली तरी वर्ष झालं की बदला.

एका हजाराला किती ऑइल खाल्लं तर चालतं?

काही कंपन्यांच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालेल असं असतं. ती वरची हद्द आहे. दोन हजारात अर्धा लिटर घालावं लागलं तरी टर्बोचे पाइप आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा भाग) तपासून घ्या.

वाटेत लेव्हल कमी दाखवली आणि तेच ऑइल मिळालं नाही तर?

गरजेपुरतं दुसऱ्या ब्रँडचं, त्याच मान्यतेचं ऑइल मिसळलं तर काही बिघडत नाही. तेही नसेल तर सी३ लिहिलेलं कुठलंही अर्धा लिटर घाला आणि घरी या. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते बरं. मी डिकीत एक लिटरचा सीलबंद डबा ठेवतो.

शोरूमलाच जाऊ की बाहेर करू?

वॉरंटी चालू असेल तर शोरूम. नाहीतर या गाड्या रोज हाताळणारं स्वतंत्र गॅरेज चांगलं, फक्त तुम्ही समोर उभे राहा. फिल्टर चांगल्या कंपनीचा, मान किंवा माले यांच्या तोडीचा घ्या. त्याच्या खोक्यात नवी रबर रिंग येते. झाकणावरची जुनी रिंग चपटी, टणक झालेली असते, ती बदलली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चेंबरच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा. तो वीस-तीस रुपयांचा असतो, आणि जुनाच वापरून बोल्ट जोर लावून आवळला की चेंबरचे आटे जातात. ऑइल पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी ओतायला सांगा, गाडी चालू करून लेव्हल बघून मग उरलेलं घाला.

नकली ऑइल कसं ओळखायचं?

सील, बॅच नंबर आणि क्यूआर कोड बघाच. पण नकली माल भरायला बहुतेक वेळा खरेच रिकामे डबे वापरतात. म्हणून अधिकृत वितरकाकडून पक्क्या जीएसटी बिलावर घ्या, डबा समोर फोडायला सांगा आणि रिकामा झाल्यावर तो कटरने उभा कापून टाका. अख्खा डबा भंगारात गेला की परत भरून येतो.

पेट्रोल टर्बो घेतलीय, तिला काय?

तिला डीपीएफ नसतो, पण वेगळा त्रास असतो: कमी आरपीएमवर जोर दिला की मिश्रण वेळेआधी पेटतं आणि पिस्टनला धक्का बसतो. २०२० मध्ये आलेल्या, एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी वर्गातल्या ऑइलमध्ये यावर उपाय केलेला आहे, आणि टायमिंग चेनच्या झिजेचाही विचार आहे. पुस्तकातला मान्यता क्रमांक आणि सोबत एसपी, दोन्ही जुळणारा डबा शोधा.

काढलेल्या जुन्या ऑइलचं काय करायचं?

घरी बदलत असाल तर गटारात किंवा मातीत नको. जुनं इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं आणि ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं. नव्या ऑइलच्या डब्यात भरून, झाकण लावून मोठ्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडे उचलणारे येतात. तो डबा मात्र तेव्हा कापू नका, त्यावर मार्करने "जुनं ऑइल" असं ठळक लिहून द्या.